तार गुंडाळलेली रायफल

६ ऑक्टोबर

रायफल आली. सुदर्शन सरपंच स्वतः गाडी घेऊन पुण्याला आले, मी सोबत. डेपोतल्या साहेबांनी दोन-तीन ठिकाणी सह्या घेतल्या आणि पोत्यात गुंडाळलेला लांबोडका ऐवज माझ्या हातात दिला. येताना मी ती मांडीवर आडवी घेऊन बसलो. सरपंच आरशातून बघून म्हणाले, "मेजर, लेकरू आणल्यावानी बसलाय की राव." बोलू देत.

गावात माजी सैनिक म्हटलं की सगळेच मेजर. मी फौजेत आर्मरर होतो, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा. लढाई पाहिली नाही, लढून आलेल्या रायफली पाहिल्या. त्यांच्याकडे बघून मला कळायचं, धरणारा माणूस घाबरट होता की धीराचा. हे कुणाला सांगायला गेलो तर ऐकत नाहीत.

जुन्या ग्रामपंचायतीची खोली सैनिकांच्या स्मृतिदालनासाठी मिळाली आहे. पहिल्या महायुद्धात आमच्या या वस्त्यांवरून बसऱ्याला गेलेले, दुसऱ्यात ब्रह्मदेशात गेलेले, त्यांचे मिळाले तेवढे फोटो भिंतीला आणि मधोमध ही. थ्री नॉट थ्री, ईशापूरच्या कारखान्यातली. पुढची नळी लाकडासकट तांब्याच्या तारेने आवळून बांधलेली, वरून डाख दिलेला. डेपोने ती निकामी करून दिली आहे. आतली पिन काढली आहे आणि नळीच्या मुळाशी, जिथे काडतूस बसतं तिथे, भोक पाडलं आहे. शोभेपुरती उरली.

माझी बायको साळुबाई, तिने दारातच विचारलं, "मोडल्याली हाय व्हय? बांधून दिलीया."

मी म्हटलं, मोडलेली नाही, ही बॉम्ब फेकणारी रायफल आहे. "बरं," म्हणाली आणि भाकऱ्या थापायला गेली.

१३ ऑक्टोबर

रायफलीच्या तोंडावर बसवायचा लोखंडी पेला रॉकेलने साफ केला. मापट्याएवढा. आत गंज नाही. याच पेल्यात हातबॉम्ब ठेवायचे. दस्ता जमिनीला टेकवायचा, कोरं, म्हणजे बिनगोळीचं, काडतूस उडवायचं, बॉम्ब दोनशे यार्डांवर. हाताने फेकणारा कितीही बळकट असला तरी तीस-पस्तीस यार्डांपुढे जात नाही. एवढा फरक या पेल्याने केला. फळ्यावर सुवाच्य लिहून लावणार आहे.

सूरजला फोन केला. पोरगा म्हणाला, "बाबा, मीटिंगमध्ये आहे." उद्घाटनाला येणार का विचारायचं राहिलं.

२३ ऑक्टोबर

आज फार वाईट झालं.

गोकुळची मुलगी वाघाने नेली. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. संस्कृती तिचं नाव, दुसरीत होती. संध्याकाळी अंगणात होती, आई इंद्रायणी आत दिवा लावत होती. अंगणाला लागून ऊस. इंद्रायणीला नुसतं सळसळलेलं ऐकू आलं. बाहेर आली तर पोरीची एक चप्पल.

गोकुळ मूळचा मढ गावाकडचा, डोंगरातला. मंचरला वेल्डिंगच्या दुकानात कामाला आहे, ट्रॉल्या, कांदाचाळीचे सांगाडे करतो. आमच्या उसापलीकडे दोन खोल्या बांधून राहतो. बोलण्याचालण्याचा कधी फार संबंध आला नव्हता.

बॅटऱ्या घेऊन सगळे उसात शिरलो. सापडली ती कालव्याच्या बाजूला. मी पाहिली नाही, मागेच थांबलो. गोकुळने उचलून आणली. स्वतःचा शर्ट काढून गुंडाळली होती. कुणाला हात लावू दिला नाही.

२५ ऑक्टोबर

हायवे दिवसभर बंद. हजारभर माणूस रस्त्यावर बसलं होतं. मीही बसलो. वनखात्याचे लोक आले, पिंजरे लावतो म्हणाले. लोकांचं एकच, गोळी घाला. गोकुळ एका बाजूला उभा होता. कुणीतरी त्याच्या हातात माईक दिला. त्याने तो बघितला आणि परत दिला.

उद्घाटन पुढे ढकललं. साहजिक आहे. तरी लिहायला हरकत नाही की मला वाईट वाटलं. पत्रिका छापून झाल्या होत्या.

४ नोव्हेंबर

आज दालनात फळा रंगवत होतो तर दारात गोकुळ. दहाव्यानंतर पहिल्यांदाच दिसला. दाढी वाढलेली. म्हणाला, "नाना, बघू का जरा?"

दुःखाचं बोलायला मला कधीच जमलं नाही. म्हणून रायफलीचं बोललो.

सांगितलं, की १९१४ साली लढाई खंदकांत अडकली. समोरचा शत्रू शंभर पावलांवर, पण जमिनीखाली. गोळी सरळ जाते, खड्ड्यात वळत नाही. मग बॉम्बला लांब सळई लावली, सळई रायफलीच्या नळीत सरकवली आणि मागून कोरं काडतूस उडवलं. बॉम्ब वर जाऊन खंदकात पडायचा. पण त्या सळईने रायफलींचं वाटोळं झालं. नळी आतून फुगायची. चांगल्या चांगल्या रायफली अशा बाद झाल्या. म्हणून पुढे पेला आला.

गोकुळ सगळं उभ्याने ऐकत होता. जाताना विचारलं, "उद्या येऊ का?"

घरी येऊन साळुबाईला म्हटलं, बघ, माणसाला गुंतायला काहीतरी लागतं.

५ नोव्हेंबर

आला होता. तारेवर हात फिरवून विचारलं, "ही कशाला?"

बरोबर प्रश्न. इतक्या दिवसांत दालनात येणाऱ्या एकानेही विचारला नव्हता. सांगितलं, की बॉम्ब उडवून उडवून रायफल शिणते. नळीवर नको तितका दाब येतो. कधी फुटलीच तर तुकडे धरणाऱ्याच्या तोंडावर येऊ नयेत म्हणून तार.

"म्हंजे फुटली तरी मारणाऱ्याला लागत न्हाई?"

"त्यासाठीच तर बांधलीय."

वेल्डिंगवाला माणूस, एका वाक्यात समजला. तीस वर्षं फौजेत पोरं शिकवली, इतक्या लवकर कुणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

९ नोव्हेंबर

गोकुळ आता रोज येतो. कामावरून सुटला की मोटारसायकल इथेच लावतो. मी बोलतो, तो ऐकतो. मधेच एखादा प्रश्न, तो नेमका. आज फ्रेंचांचं सांगितलं. त्यांचा बॉम्ब वेगळा होता, मधून भोक असलेला. खरीच गोळी उडवायची, ती बॉम्बच्या आतून पार व्हायची, जाताजाता वात पेटवायची आणि मागच्या वाऱ्याने बॉम्ब उडायचा. डोकं आहे की नाही?

"मंग आपल्या या रायफलीतनं पण खरी गोळी चालती?"

"हिच्यातून कोरं काडतूस. खरी गोळी फक्त अडीअडचणीला, असा हुकूमच होता."

"अडीअडचण म्हंजी कशी?"

"जिवावर बेतलं तर. दुसरं काही हाताशी नसेल तर."

त्याने मान डोलावली. थोड्या वेळाने म्हणाला, "नाना, तुमच्यापाशी बसलं की बरं वाटतं."

मी उगीच फळा पुसत राहिलो. असं मला कुणी म्हणालेलं आठवत नाही.

१२ नोव्हेंबर

चार पिंजरे लावलेत. एकात शेळी, बाकीच्यांत कोंबड्या. वाघ काही येत नाही. परवा खोडदच्या रस्त्यावर, तिथल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या तारेच्या कुंपणाजवळ एकाला दिसला म्हणे. पोरांना शाळेत सोडायला बाया घोळक्याने जातात, हातात काठ्या. शेतात खाली वाकून काम करायचं तर एकाने उभं राहून राखण करायची. ऊसतोडीची टोळी येऊन थांबली आहे, पण कालव्याकडच्या फडात उतरायला तयार नाही.

१५ नोव्हेंबर

इंद्रायणी आली होती. साळुबाईपाशी चुलीजवळ बसली. मी ओसरीवर होतो, ऐकू येत होतं.

"घरात येक शबुद बोलत न्हाईत. भिंतीकडं तोंड करून पडत्यात. तुमच्याकडं काय बोलत्यात, मेजर?"

मी म्हटलं, "इतिहास चालतो आमचा. काळजी करू नकोस. त्याचं मन लागलंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "रडलं न्हाईत अजून. मातीच्या वक्ताला पण न्हाई."

ती गेल्यावर साळुबाई तवा उतरवून बाहेर आली. "त्या माणसाला बंदुकीपाशी बसवू नका."

"ती निकामी आहे, साळू. भोक पाडलंय तिला."

"तिचं न्हाई बोलत मी."

बायकांना लोखंडाची भीती वाटते. मी वाद घातला नाही.

१९ नोव्हेंबर

गोकुळ स्वतःहून म्हणाला, रायफलीला लोखंडी स्टँड करून देतो. कुलूपबंद, कुणी उचलून नेणार नाही असा. पैसे घेणार नाही म्हणाला. मला भरून आलं. आम्ही दोघांनी मिळून माप घेतलं. कुलपाची पट्टी बोल्टमधून ओवायची त्याची कल्पना आहे, म्हणून बोल्ट दुकानात नेऊ का विचारलं. दिला. बोल्ट म्हणजे मागचा सरकणारा भाग, आत पिन नाही तर नुसता लोखंडाचा दांडा. कसा काढायचा, कसा बसवायचा, दाखवलं. दोनदा दाखवावं लागलं नाही.

त्याचे हात चांगले आहेत. फौजेत असता तर माझ्या हाताखाली मागून घेतला असता.

२४ नोव्हेंबर

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू. सूरजने पुण्यात तारीख घेतली आहे, आठवडाभर त्याच्याकडे राहायचं. दालनाची किल्ली गोकुळला दिली. स्टँडचं राहिलेलं काम तो करील आणि रायफलीला तेलाचा हात देईल. साळुबाई म्हणाली किल्ली सरपंचांकडे ठेवा. मी म्हटलं, सरपंचांना तेल कुठलं द्यायचं ते तरी माहीत आहे का?

गोकुळने किल्ली घेतली आणि वाकून माझ्या पाया पडला. असा कधी पडला नव्हता. म्हटलं, अरे, ऑपरेशन डोळ्याचं आहे, मरायला नाही चाललो. तो हसला नाही.

३ डिसेंबर

ऑपरेशन होऊन चार दिवस झाले. लिहायला मनाई आहे, तरी लिहितो.

सकाळी सरपंचांचा फोन आला. सूरजने घेतला. त्याचा चेहरा मला धूसर दिसत होता. म्हणाला, "बाबा, तुमची ती रायफल फुटली."

मी म्हटलं, फुटेल कशी, निकामी आहे ती.

काल दिवस मावळायच्या आत गोकुळ कालव्यावरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या पत्र्यावर चढून बसला होता. खाली शेळी बांधली होती. उसात काहीतरी हललं, त्याने बार काढला. आवाज वस्तीवर ऐकू आला. माणसं धावली. गोकुळ पत्र्यावर उताणा. उजव्या हाताची बोटं गेली. दोन्ही डोळे गेले. मंचरला नेला, तिथून इथेच पुण्यात आणला आहे. जिवंत आहे.

शेळीला काही झालं नाही, असंही सरपंचांनी सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक.

४ डिसेंबर

सूरज मला दवाखान्यात घेऊन गेला. आत सोडलं नाही. इंद्रायणी बाहेर बाकावर होती. मी पट्टी लावलेला, काळा चष्मा घातलेला. तिने मला ओळखलं नसावं असं आधी वाटलं. मग म्हणाली, "तुमचा डोळा बरा हाय का?"

मी हो म्हटलं. ती पुन्हा समोर बघायला लागली. मी अर्धा तास बसलो आणि निघालो.

७ डिसेंबर

घरी आलो. पोलिसांनी ठाण्यात बोलावून रायफल दाखवली. गावात बंदुकीचं कळणारा मीच, म्हणून.

भोक वेल्ड करून बुजवलं होतं. वरून कानस मारून इतकं सारखं केलं होतं की बोट फिरवून कळू नये. बोल्टमध्ये नवी पिन, हाताने घडवलेली. सुबक काम. अधिकारी विचारत होते, हे याला कुणी शिकवलं असेल? गोळ्या कुठून आणल्या ते ते शोधताहेत, ते मला खरंच माहीत नाही.

तार जशीच्या तशी होती. एक वेढा सुटला नव्हता. पुढची नळी तारेत शाबूत. फुटली ती मागे, भोक बुजवलं तिथे, गालापाशी. तिथे तार नसते. तिथे तार नसते हे मी त्याला सांगितलं नव्हतं. तो म्हणाला होता, मारणाऱ्याला लागत नाही, आणि मी म्हणालो होतो, त्यासाठीच बांधलीय. याच वहीत लिहिलं आहे. आज मागची पानं चाळली. त्याचा एकेक प्रश्न मी कौतुकाने लिहून ठेवला आहे. कुठल्याही शहाण्या माणसाला वाचून कळलं असतं. साळुबाईला न वाचता कळलं.

८ डिसेंबर

सरपंच सकाळीच आले. चहा घेतला नाही.

"मेजर, जबाबात येवढंच सांगा, कुलूप तोडून नेली."

"कुलूप तोडलेलं नाही. मी किल्ली दिली होती."

"ते तुमाला आन मला ठावं हाय. पर किल्ली दिली म्हणाला तर तुमी आत. दालन पंचायतीचं, म्हंजी मी बी आत. तुमचं पेन्शन हाय, वय हाय. गोकुळवर गुन्हा तर हायेच दाखल. त्येच्यात येक कलम जास्ती, काय फरक पडतो? तसाबी आंधळ्याला कोण जेलात घालतंय?"

सरपंच उठले. ते म्हणाले, "कुलपाचं मी बघतो."

दुपारी ठाण्यात जाऊन सही केली. कुलूप तोडून नेली. सही नेहमीसारखी सुवाच्य आली, हेही लिहून ठेवतो.

११ डिसेंबर

कालव्याकडच्या पिंजऱ्यात मादी अडकली. अख्खा गाव बघायला गेला. म्हातारी आहे, एक सुळा तुटलेला. लोक म्हणतात हीच. वनखात्याचे म्हणाले, तपासल्याशिवाय सांगता येत नाही. अंगावर जखम नाही, म्हणजे इतक्यात तरी गोळी लागलेली नाही.

मी गेलो होतो. ती पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. पोरं दगड मारत होती. मला काहीच वाटलं नाही.

२० डिसेंबर

मधे काही लिहिलं नाही.

साळुबाई माझ्याशी कामापुरतं बोलते. भांडली असती तर बरं झालं असतं. मी विचारलं, "तू मला तेव्हा नीट का नाही सांगितलंस?" म्हणाली, "सांगितलं व्हतं." आणि खरंच सांगितलं होतं.

२७ डिसेंबर

गोकुळला घरी आणलं. मी गेलो नाही.

२ जानेवारी

इंद्रायणी आली. या वेळी चुलीपाशी गेली नाही, ओसरीवर माझ्यासमोर उभी राहिली.

"मेजर, दोन गोष्टी बोलायच्यात. कागदावर लिवलंय की त्यांनी कुलूप तोडलं. ते चोर न्हाईत. बंदूक चालवली, ते चालवली, त्येची सजा देवानं दिली. पर कुणाचं कुलूप तोडलं न्हाई त्यांनी. किल्ली माझ्या फळीवर अजून पडलीया."

"आणि दुसरी?"

"त्यांना सगळ्यांनी सांगितलंय की वाघ पडला. त्यांचा इस्वास बसत न्हाई. म्हणत्यात, नाना आलं म्हंजी कळंल, नाना बंदुकीचं खोटं बोलणार न्हाईत. तुमी या आन सांगा, पडला म्हणून. येवढं करा."

मी येतो म्हणालो. ती पायरी उतरली, मग वळून म्हणाली, "तुमाला दोष द्यायला मी आले न्हाई. तेवढी ताकद न्हाई आता."

३ जानेवारी

सकाळी कपडे इस्त्री करून घेतले. साळुबाईने विचारलं कुठे. सांगितलं. तिने माझ्या बीपीच्या गोळ्या आणि एक शाल पिशवीत घातली, काही म्हणाली नाही. फाटकापर्यंत आली.

ठाण्यात अधिकाऱ्यांना म्हटलं, आधीचा जबाब खोटा आहे. किल्ली मी दिली, बोल्ट मी दिला, काढायचा कसा ते मी दाखवलं, गोळी चालते हे माझ्या तोंडून कळलं. कुलूप तोडल्याचं मी खोटं लिहून दिलं. त्यांनी विचारलं, "नाना, याचा अर्थ कळतोय ना?" म्हटलं, कळतोय. त्यांनी पंखा बंद करून कागद पुढे ओढला. सरपंचांचं नाव मी घेतलं नाही, ते त्यांचं त्यांनी बघावं.

नोटीस हातात दिली. बोलावू तेव्हा हजर राहायचं, गाव सोडायचं नाही. आरोपींच्या यादीत आता माझं नाव गोकुळच्या खाली. दालनाला सील लागलं. संध्याकाळी सरपंच फाटकाबाहेरूनच शिव्या देऊन गेले. वस्तीवर सगळ्यांनी ऐकल्या.

४ जानेवारी

दुपारी गोकुळकडे गेलो.

उन्हात बाजेवर बसवला होता. अंगण नव्याने पत्र्याने बंद केलं आहे, उसाच्या बाजूने उंच. उजवा हात कापडात. डोळ्यांवर हिरवी पट्टी. मी काही बोलायच्या आधी म्हणाला, "नाना?"

"हो."

"चपलीचा आवाज वळखला."

बाजेच्या कडेला बसलो. इंद्रायणी दारात उभी, हातात सूप. माझ्याकडे बघत होती.

"नाना, पडला का वो?"

घरून निघताना ठरवून आलो होतो. हो म्हणायचं, मानेखाली लागली म्हणायचं, दहा पावलांवर कोसळला म्हणायचं. सगळं जुळवून ठेवलं होतं. तो ऐकायला पुढे झुकला, दालनात झुकायचा तसाच, आणि माझ्या तोंडून ते निघेना. माझ्या शब्दांवर इतका भरवसा ठेवून हा माणूस इथवर आला होता.

"नाही, गोकुळ. गोळी नीट गेलीच नाही. दाब सगळा मागे आला. तार पुढच्या नळीला असते, मागे नसते. मी तुला अर्धंच सांगितलं होतं."

इंद्रायणीने सूप खाली ठेवलं. मला वाटलं ती मला हाकलून देईल. ती तशीच उंबऱ्यावर बसली.

पत्र्यापलीकडे ऊस वाजत होता. मग गोकुळ म्हणाला, "मला वाटलंच व्हतं. हातालाच कळलं."

त्याने माझ्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाला, "सांगा काय तरी. लई दिवस झालं. रायफलीचं सांगा."

माझ्यापाशी रायफलीचंच होतं. हॅन्डग्रेनेडचा पेला, कोरं काडतूस, फ्रेंचांचा बॉम्ब, बसऱ्याचे खंदक. तीन आठवडे हेच तर ओतत होतो त्याच्यात. तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की त्या सगळ्या दिवसांत मी त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता. एकसुद्धा नाही.

म्हटलं, "गोकुळ, संस्कृती कशी होती रे?"

इंद्रायणीने मान वर केली. गोकुळचा चांगला हात बाजेच्या सुंभावर फिरत होता तो थांबला.

"लई बडबडी," तो म्हणाला. "मोटारसायकलवर पुढं टाकीवर बसायची. मंचरला येस्तवर तोंड बंद न्हाई. येकदा मला म्हणली, पप्पा, तुमी लोखंड जोडता तर माझा दात जोडून द्या. पडल्याला दात मुठीत घेऊन आलती दुकानात. मी म्हणलं, त्याला लई गरम करावं लागतंय, चालंल का? तर म्हणती…"

पुढचं त्याला बोलता येईना. पट्टीखालून गालावर पाणी आलं. इंद्रायणी उठून त्याच्यापाशी बसली. तिने ते पुसलं नाही, वाहू दिलं. मीही हललो नाही.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "म्हणली, मंग ऱ्हाऊ द्या, नवा येईल."

दिवस कलायला लागेपर्यंत ते दोघं बोलत होते. मी ऐकलं.